हात मांडवापर्यंत जात नाही : द्राक्षबागेतल्या एका मजूर बाईचा अपघात दावा

डिसेंबरात तासगाव तालुक्यातल्या कुठल्याही फाट्यावर सकाळी सातला उभं राहा. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, हातात जेवणाचा डबा, अशा बायकांचे घोळके दिसतील. पिकअप येते, मागचा फाळका पडतो आणि दहा-पंधरा जणी हौद्यात चढून एकमेकींना धरून उभ्या राहतात. गाडी मालाची आहे, माणसांची नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. पण बाग आठ-दहा किलोमीटरवर, एसटीची वेळ जुळत नाही आणि आठच्या ठोक्याला कामाला लागावं लागतं.

मी सांगलीत मोटार अपघाताचे दावे चालवते. पुढे लिहिलेलं प्रकरण कुणा एकीचं नाही. या दाव्यांत पुन्हा पुन्हा जे घडतं ते एका बाईच्या कहाणीत बांधलंय. गणित कळावं म्हणून आकडे गोल ठेवलेत आणि कुणाची ओळख पटेल असं काहीही ठेवलेलं नाही. कायदा आणि निकाल मात्र आहेत तसेच.

बाई ३४ वर्षांची. पदरात दोन मुलं, घरची शेती वीस गुंठे, तीही कोरडवाहू. लग्न होऊन आल्यापासून बागेतलं काम. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुटी काढणं, घडांची विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, मग काढणी, एप्रिलला पुन्हा खरड छाटणी. हे सगळं काम डोक्यावरचं. वेल मांडवावर, घड मांडवाखाली लोंबणारे आणि बाई दिवसभर हात वर करून त्यांच्याखाली उभी. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा दावा त्या वर केलेल्या हातावर फिरला.

त्या सकाळी धुकं होतं. कारखान्याला ऊस घालून रिकामा परतणारा ट्रक वळणावर पुढच्या ट्रॅक्टरला ओलांडायला गेला आणि समोरून येणाऱ्या पिकअपच्या उजव्या अंगावर आदळला. पिकअप कडेच्या चारीत कलंडली. हौद्यात १४ बायका होत्या. या बाईचा उजवा दंड खांद्याजवळ मोडला. मिरजेत ऑपरेशन होऊन प्लेट बसली, हाड जुळलं, पण खांदा आखडला तो आखडलाच.

केसपेपरवरची एक ओळ

जखमींना दवाखान्यात आणलं ते मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं. दारात त्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, पिकअप पलटी झाली. त्याला दिसलं तेवढं त्यानं सांगितलं, त्यात त्याची काही चूक नाही. पण केसपेपरवर आणि एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांसाठी दवाखाना ठेवतो त्या नोंदीत तेच उतरलं : ‘पिकअपमधून पडून जखमी.’ ट्रकचं नाव नाही.

दीड वर्षानं ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलांनी नेमकी हीच ओळ वाचून दाखवली. आमचा ट्रक यात नव्हताच, पिकअप आपणहून उलटली, पोलिसांशी संगनमत करून ट्रक नंतर घुसडला, असा त्यांचा बचाव. मला राग आला, पण रागानं कागद बदलत नाही. आम्हाला तारलं ते फिर्यादीनं, घटनास्थळाच्या पंचनाम्यानं आणि मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालानं. ट्रकचा उजवा पुढचा कोपरा चेपलेला आणि पिकअपच्या उजव्या बाजूचा पत्रा आत गेलेला, हे दोन्ही तारखेसह नोंदलेलं होतं. ट्रकचालक साक्षीला उभाच राहिला नाही. अपघात भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढं फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठं झुकतं एवढंच पाहिलं जातं. ते पारडं ट्रककडं झुकलं.

तरी सांगते, जखमी माणूस शुद्धीवर असेल तर पहिल्याच दिवशी केसपेपर वाचून घ्या. चुकीचं लिहिलं असेल तर डॉक्टरांना आणि पोलिसांना जबाबात स्पष्ट सांगा, कोणत्या गाडीनं ठोकलं. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांत पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडं द्यायचा आहे. गोहर मोहम्मद प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते बजावलं. हा अहवाल आला की तोच दाव्याचा पाया होतो, म्हणून त्यात काय जातंय याकडं घरच्यांचं लक्ष हवं.

‘मिटवून घेऊ’

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ट्रकमालकाचा माणूस वॉर्डात आला. सफरचंदं आणली, वीस हजार रुपये उशाशी ठेवले आणि नवऱ्यापुढं कोरा स्टॅम्पपेपर धरला. नवरा सही करायच्या बेतात होता. त्याला अडवलं बागकामाला बायकांची टोळी जमवणाऱ्या मावशीनं. तिच्या शब्दांत सांगायचं तर, “कोऱ्यावर अंगठा आपण बापाला पण देत न्हाई.”

पुढं आणखी एक वाट आली, आणि ती दिसायला सरळ होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. कंपनीकडून तसं बोलणं आलं. घरात कर्ज, मुलांच्या वह्या-पुस्तकांना पैसे नाहीत, अडीच लाख कुणाला नको आहेत? पण न्यायाधिकरणाकडं भरपाईचा अर्ज ज्या कलम १६६ खाली होतो, त्यात एक परंतुक, म्हणजे अट आहे. कलम १४९ च्या, म्हणजे कंपनीशी तडजोडीच्या पद्धतीनं कलम १६४ ची भरपाई एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा अर्ज संपतो, पुन्हा उघडता येत नाही. चालकाची चूक धडधडीत दिसत असेल आणि कमावता हातच गेला असेल, तर ही घाई महागात पडते. मी तिला दोन्ही आकडे कागदावर मांडून दाखवले आणि रात्रभर विचार करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “उशीर लागू दे वकीलबाई, पण हाताचं मोल हाताएवढं होऊ दे.”

वकिलाच्या फीचीही तिला धास्ती होती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणं कोणत्याही बाईला, उत्पन्न किती का असेना, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं साधा अर्ज करायचा. हे गावागावांत माहीत नाही आणि त्याचा फायदा टक्केवारीवर काम करणारे दलाल घेतात. भरपाईतला चौथा हिस्सा लिहून घेणारे लोक दवाखान्याबाहेरच्या चहाच्या गाड्यावर बसलेले मी पाहिलेत.

मुदतीचं एक आणि मग पुढं जाऊ. २०१९ च्या दुरुस्तीनं अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नये. आम्ही चौथ्या महिन्यात अर्ज दाखल केला. अर्ज अपघात झाला तिथं करता येतो, तसाच जखमी माणूस राहतो तिथंही. बीड किंवा जतकडून आलेल्या मजुराला तारखेसाठी परक्या गावी हेलपाटे घालायचं कारण नाही.

टक्का कुणाचा, हाताचा की कामाचा

सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यात लिहिलं होतं : उजव्या हाताचं कायमचं अपंगत्व ३५ टक्के. कंपनीचं म्हणणं असं की हा टक्का फक्त हाताचा. सगळ्या शरीराच्या हिशेबानं तो १२ टक्क्यांवर येतो. मजुरीचा पुरावा नाही, म्हणून महिना ५ हजार धरा. वर्षाचे ६० हजार, त्याचे १२ टक्के ७,२०० आणि वर्षाच्या नुकसानाला ज्यानं गुणायचं तो, तिच्या वयाला लागणारा गुणक १६. झाले १ लाख १५ हजार २००.

ही बेरीज कागदावर चुकीची नाही. बाई मात्र त्यात कुठंच नाही.

राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा गुंता सोडवून ठेवलाय. अवयवाचा टक्का वेगळा आणि कमाई घटण्याचा टक्का वेगळा. तोडलेल्या डाव्या हाताचं उदाहरण निकालातच आहे. सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते. म्हणजे आधी विचारायचं, हा माणूस काय काम करत होता, त्यातलं आता काय करता येतं आणि काय नाही. दाखला नुसता जोडून चालत नाही, डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं.

आम्ही डॉक्टरांना बोलावलं. मी त्यांना हाडाबद्दल फारसं विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच : ही बाई हात किती वर नेऊ शकते? ते म्हणाले, खांद्याच्या पातळीपर्यंतही नाही. मग मांडवाची उंची पुराव्यात आणली, बागायतदाराच्या तोंडून. सहा ते साडेसहा फूट. बाईची उंची पाच फूट. एवढ्यानं जे सांगायचं ते सांगून झालं.

मावशीची वही

मजुरीचा पुरावा हे या दाव्यांतलं सगळ्यात दुबळं अंग. पगारपत्रक नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, बँकेत मजुरी येत नाही. तीन बागायतदारांना विनवलं. दोघं म्हणाले, कोर्टात नको, उद्या आमच्यावरच यायचं. त्यांची भीती समजते, पण त्याच बागेत दहा वर्षं राबलेल्या बाईसाठी तेवढं करायला हवं होतं असं मला आजही वाटतं. तिसरे आले.

खरा पुरावा निघाला मावशीच्या पिशवीतून. शंभर पानी वही, पुठ्ठ्याला सुतळीनं बांधलेलं पेन. दर पानावर आठवडा, डावीकडं बायकांची नावं, पुढं सात रकाने. पूर्ण दिवसाला बरोबरची खूण, अर्ध्या दिवसाला ‘अ’, नागा असेल तर रेघ. कडेला बागेच्या मालकाचं नाव आणि ‘मिळाले’. मावशी चौथी शिकलेली, अक्षर मोठं आणि जरा उतरतं. कितीतरी पानांवर मोरचुदाचे निळे डाग, कारण बोर्डोच्या फवारणीच्या दिवशी तीच वही बांधावर उघडलेली असायची.

कंपनीच्या वकिलांनी वही उलटून पाहिली आणि म्हणाले, ही दाव्यासाठी बसून लिहिलेली आहे. मावशीनं न्यायाधीशांकडं बघत विचारलं, “साहेब, बसून लिहायची तर निळं कशाला पाडू?” उलटतपासणी तिथं संपली नाही, पण वहीबद्दलचा पुढचा प्रश्न काही आला नाही. पानं मोजली. आधीच्या वर्षात बाईच्या नावापुढं २४० दिवस भरत होते. रोज ४०० रुपये, म्हणजे वर्षाला ९६ हजार.

अशी वही नसती तरी दार बंद नव्हतं. रामचंद्रप्पा प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की हमालासारख्या मजुराकडं कागदी पुरावा नसणारच, त्याचं सांगणं वाजवी असेल तर मान्य करावं. घरकामालाही मोल आहे, हे किर्ती प्रकरणात २०२१ मध्ये न्यायालयानं सविस्तर सांगितलं. पण वाजवी म्हणजे किती, हे शेवटी समोरच्या न्यायाधीशांवर राहतं. वही असली की अंदाजाला जागा उरत नाही.

बाईची स्वतःची उलटतपासणी मात्र आमच्या बाजूनं गेली नाही. तिला विचारलं, बेदाणा निवडायला खांदा वर करावा लागतो का? “न्हाई.” म्हणजे शेडमध्ये बसून बेदाण्याची प्रतवारी करता येते? “येते. डाव्या हातानं सावकाश. पण त्ये दोन-अडीच महिन्यांचं काम, बाकी वर्ष काय करू?” मागं बसलेली तिची जाऊ मला खुणावत होती, हो म्हणू नको म्हणावं. मी काहीच केलं नाही. शपथेवर खरं बोललेल्या बाईला मी अडवणार नव्हते, आणि तिच्या उत्तराचा दुसरा अर्धा भागही तितकाच खरा होता.

दोन गाड्या, दोन कंपन्या

ट्रकची कंपनी म्हणाली, पिकअपचालकही बेफाम होता, धुक्यात दिवे लावले नव्हते आणि मालाच्या गाडीत उभं राहून या बायकांनीच धोका ओढवून घेतला. पिकअपची कंपनी म्हणाली, मालवाहू गाडीतल्या प्रवाशांची जोखीम आमच्या पॉलिसीत नाही. ही दुसरी बाब कायद्यानं बरोबर आहे, आशा राणी प्रकरणापासून ती पक्की आहे. अशा बायकांचा अपघात फक्त पिकअपच्याच चुकीनं झाला असता, तर भरपाई मालकाच्या खिशातून काढायची वेळ आली असती आणि बहुतेक वेळा तो खिसा रिकामा असतो. आपल्या भागात रोज अशा शेकडो गाड्या धावतात. हे एवढं वाक्य गाडीमालकांनी आणि टोळ्यांनी नीट ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या बचावाला दोन उत्तरं होती. मोटारसायकलवर तिघं बसले म्हणून त्यांची चूक आपोआप ठरत नाही, अपघाताशी त्याचा कार्यकारण संबंध दाखवावा लागतो, असं मोहम्मद सिद्दीक प्रकरणात २०२० मध्ये ठरलंय. बायका हौद्यात होत्या म्हणून ट्रक वळणावर ओव्हरटेकला गेला नाही. दुसरं, खेन्येई प्रकरण, २०१५. दोन वाहनांच्या चुकीनं तिसऱ्याला इजा झाली तर तो पूर्ण भरपाई कुणाही एकाकडून वसूल करू शकतो. त्यांनी आपसांतला हिशेब नंतर करावा. मात्र त्यासाठी दोन्ही गाड्यांचे मालक आणि दोन्ही कंपन्या अर्जात सामनेवाले असलेले बरे. आम्ही सुरुवातीलाच चौघांना घेतलं होतं.

न्यायाधिकरणानं ट्रकची चूक ८० टक्के, पिकअपची २० टक्के धरली. सगळी रक्कम ट्रकच्या कंपनीनं भरायची आणि २० टक्के पिकअपमालकाकडून वसूल करायचे. बायकांच्या माथी शून्य.

हिशेब

वार्षिक ९६ हजार मान्य झाले. वय चाळिशीच्या आत असल्यानं प्रणय सेठी निकालाच्या धर्तीवर कमाईतल्या पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले. कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यातही ही वाढ द्यावी लागते, हे पप्पू देव यादव प्रकरणात २०२० मध्ये स्पष्ट झालंय. झाले १ लाख ३४ हजार ४००. जखमी जिवंत असताना स्वतःच्या खर्चाची वजावट होत नाही, ती मृत्यूच्या दाव्यात होते. विमा कंपन्या इथंही ती मागून बघतात. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक १६.

राहिला टक्का. मी ६० मागितले होते. बेदाण्याच्या उत्तराचा विचार करून न्यायाधीशांनी ५० धरले, आणि मला त्यात अन्याय वाटला नाही. ६७,२०० गुणिले १६, म्हणजे १० लाख ७५ हजार २००. सहा महिन्यांची बुडालेली मजुरी ४८ हजार, बिलांप्रमाणं औषधोपचार १ लाख ३२ हजार, सोबत-आहार-प्रवास ३५ हजार, वेदनांसाठी ६० हजार आणि जगण्यातल्या सुखाला मुकल्याबद्दल ६० हजार. एकूण १४ लाख १० हजार २००, वर अर्जाच्या तारखेपासून व्याज.

औषधोपचाराची बरीच बिलं जोडताच आली नाहीत. उसनवारी करून रोखीनं दिलेले पैसे, पावती नाही. आज अपघात झाला तर २०२५ च्या केंद्राच्या योजनेखाली ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचा रोकडरहित उपचार मिळू शकतो, तो दवाखान्यात दाखल होतानाच मागावा.

निकालाची रक्कम एकरकमी हातात पडली नाही. सुसम्मा थॉमस प्रकरणातल्या सूचनांप्रमाणं मोठा भाग तिच्या एकटीच्या नावावर मुदत ठेवीत गेला, व्याज दर महिन्याला खात्यात. नवऱ्याला ते आवडलं नाही. जोडखातं का नाही, असं त्यानं विजयनगरच्या कोर्टाच्या आवारातच मला विचारलं. मी त्याला म्हटलं, दादा, मोडला तो हात तिचा होता.

कंपनीनं अपील केलं. सांगलीची अपिलं १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढं चालतात. अर्जदारानं सकाळी निघून संध्याकाळी घरी यावं, इतकं ते जवळ आलंय.

मधल्या काळात बाई बेदाण्याच्या शेडवर जायला लागली. मावशीनं नवी वही केलीय. आता तिच्यात एक रकाना जास्त आहे. हप्ता वाटायच्या दिवशी ती वही बागायतदारापुढं धरते आणि रोजाच्या आकड्याशेजारी त्याची सही घेते. एकानं कुरकुर केली, तेव्हा टोळी दुसऱ्या दिवशी त्याच्या बागेत उतरली नाही. विरळणीचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी सही झाली.